वाईनची वाहतूक व राज्याराज्यांच्या वेशी

श्रीगोंदे तालुक्यातील आमच्या एका वाचकाचे पत्र गेल्या महिन्यात आमच्याकडे आले. त्यांच्या बागेतील काही एकरांतील वाईनची द्राक्षे कराराने नाशिककडील एका वायनरीस जातात. भाचा हैदराबादेस नोकरीस आहे. मामाच्या बागेतील द्राक्षांची वाईन आपल्या स्नेह्यांस दाखवावी या हौसेने त्याने एक पेटी मागविली. मामांनी वायनरीत विचारले, तेव्हा 'आम्हांस परस्पर पाठविता येत नाही' असे उत्तर मिळाले. मालवाहतूक करणाऱ्याने पेटीस हात लावण्याचे नाकारले. एका जाणत्या गृहस्थाने तर 'असला उद्योग कराल तर टेम्पोही जप्त होईल' अशी तंबी दिली. पत्राच्या शेवटी हे वाचक विचारतात की, आमचे डाळिंब हैदराबादेस जाते, बेदाणा जातो, त्याच बागेच्या शेजारची थॉम्सनची पेटीही जाते. मग द्राक्षाचा रस आंबवून बाटलीत भरला म्हणजे रस्ता कोठे अडतो?

प्रश्न एका पेटीचा असला तरी आमच्या मते तो क्षुल्लक नाही. वाईनची द्राक्षे लावणाऱ्या प्रत्येकाच्या जमिनीशी त्याचा संबंध आहे, आणि बहुतेकांस तो बाग लावून झाल्यावरच कळतो. सबब त्याचा थोडा विस्ताराने विचार करीत आहोत.

आपल्या राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात केंद्राच्या व राज्यांच्या विषयांच्या याद्या आहेत. मादक पेयांचे उत्पादन, बाळगणे, वाहतूक, खरेदी व विक्री हा विषय राज्यांच्या यादीत आठव्या क्रमांकावर आहे, व त्यांवरील उत्पादन शुल्क त्याच यादीत एक्कावन्नाव्या क्रमांकावर आहे. शिवाय औषधाखेरीज मादक पेयांची बंदी करण्याचा प्रयत्न राज्याने करावा असे सत्तेचाळीसावे कलम सांगते. 1 जुलै 2017 रोजी देशभर वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा पिण्याचे मद्य त्यातून बाहेर ठेवण्यात आले. याचा अर्थ असा की, साखर, कांदा व कापूस यांच्यापुरता हिंदुस्थान हा एक बाजार आहे; वाईनपुरता मात्र जितकी राज्ये तितके देश आहेत, आणि प्रत्येक देशाचा नाकेदार वेगळा आहे.

त्यात आमच्या राज्याचा कायदा म्हणजे मूळचा दारूबंदीचा कायदा. 1949 साली मुंबई प्रांतात मुंबई दारूबंदी अधिनियम झाला. पुढे महाराष्ट्रात बंदी सैल झाली, दुकाने उघडली, कारखाने निघाले. परंतु कायद्याची घडण तीच राहिली. आधी सर्व काही निषिद्ध ठरवावयाचे आणि मग परवाने, पास व दाखले यांच्या वाटेने एकेक गोष्टीस मुभा द्यावयाची, ही त्याची रीत आहे. पिणाऱ्यासही परवाना लागतो, हे अनेक पिणाऱ्यांस ठाऊक नसते! 1960 साली महाराष्ट्र व गुजरात विभक्त झाले, तेव्हा हाच अधिनियम दोघांच्या वाट्यास आला. एका घरी त्याच्या सावलीत विंचूर व पलूस येथे वाईनसाठी औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या, तर दुसऱ्या घरी दारूबंदी चालू राहिली. आमच्या राज्याच्या आतही सर्वत्र एक नियम नाही. वर्धा व गडचिरोली या जिल्ह्यांत बंदी आहे; चंद्रपुरात ती 2015 साली आली व 2021 साली उठली.

आता पत्रलेखकांच्या भाच्याने मागविलेल्या पेटीचा मार्ग पाहू. ती हैदराबादच्या दुकानात कायद्याने पोहोचावयाची असेल तर प्रथम त्या वाईनचे लेबल तेलंगण राज्याच्या अबकारी खात्याकडे नोंदलेले असावे लागते. ही नोंद कायमची नसते. तिचे नूतनीकरण करावे लागते व त्यासाठी फी भरावी लागते. नंतर तेथील सरकारी महामंडळाने माल घेतला पाहिजे, कारण ठोक व्यापार त्याच्याच हाती आहे. माल घेण्याचे ठरले म्हणजे तिकडचा आयातीचा परवाना आला पाहिजे, तो पाहून इकडच्या खात्याने निर्यातीचा पास दिला पाहिजे, आणि गाडीबरोबर तो पास मुक्कामापर्यंत गेला पाहिजे. तेथे शुल्क व कर भरून पेटी महामंडळाच्या गुदामात, गुदामातून परवानेदार दुकानात, व दुकानातून भाच्याच्या हाती. या सर्व साखळीत वायनरीने भाच्यास परस्पर पेटी पाठवावी अशी एकही कडी नाही. तामिळनाडूत 1983 पासून, केरळात 1984 पासून व कर्नाटकात 2003 पासून अशीच सरकारी महामंडळे ठोक व्यापार सांभाळीत आहेत. तामिळनाडूत तर 2003 पासून किरकोळ विक्रीही सरकारी दुकानांतूनच होते.

या व्यवस्थेचा भार सर्वांवर सारखा पडतो असे वरवर दिसते. पण तसे नाही. लेबलाच्या नोंदणीचा खर्च, प्रत्येक राज्यातील कारकुनी, दलाल, गुदाम यांचा आकडा दहा पेट्यांसाठी व दहा हजार पेट्यांसाठी बहुतेक ठिकाणी फारसा बदलत नाही. मोठी कंपनी तो खर्च लाखो बाटल्यांवर पसरते. दहाबारा एकर बागेवर उभी राहिलेली लहान वायनरी तो पसरणार कशावर? तिने वर्षास पाच प्रकारची वाईन केली व ती पाच राज्यांत नेण्याचे मनात आणले, तर पंचवीस नोंदी झाल्या. म्हणून ती गावच्या रस्त्यावर पाटी लावून येईल त्या प्रवाशास बाटली विकते, आणि उरलेला माल मोठ्या कंपनीस मागेल त्या भावाने देते. द्राक्षे पिकविणाऱ्याच्या पदरी काय पडावयाचे ते या शेवटच्या भावावर ठरते.

आमच्या जिल्ह्यास ही स्थिती परकी नाही. श्रीरामपूरजवळील टिळकनगर येथे 1933 साली साखर कारखाना म्हणून सुरू झालेल्या कंपनीची ब्रँडी आज मुख्यतः दक्षिणेकडील राज्यांत खपते. तेथील प्रत्येक राज्याचे अबकारी धोरण बदलले की त्याची झळ येथवर पोहोचते. ऊस पिकविणाऱ्यांस तर सांगावयासच नको. प्रवरानगर, कोपरगाव, संगमनेर या बाजूच्या कारखान्यांच्या सभासदांनी आपल्याच उसाची मळी पासावाचून हलत नाही हे वर्षानुवर्षे पाहिले आहे. 23 ऑक्टोबर 1924 नव्हे, 2024 रोजी (जुन्या अंकांच्या सवयीने लेखणी मागे जाते) सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने आठ विरुद्ध एक अशा मताने असा निर्णय दिला की, 'मादक मद्य' या शब्दांत औद्योगिक मद्यार्कही येतो व त्याचे नियमन राज्ये करू शकतात. म्हणजे वेशी कमी होण्याऐवजी त्यांची रुंदी वाढली आहे.

येथवर वाचून आमचे बागाईतदार बंधू म्हणतील की, परराज्यांनी आमच्या मालावर अन्याय चालविला आहे. हे अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे सांगणे अप्रिय असले तरी ते टाळता येत नाही.

2001 साली महाराष्ट्र सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. त्यात राज्यात तयार होणाऱ्या वाईनवरील उत्पादन शुल्क माफ करण्यात आले; ही सवलत पुढेही वाढविण्यात आली. नंतर अशीही योजना झाली की, वाईनवरील 20 टक्के व्हॅटपैकी 16 टक्के राज्यातील उत्पादकांस परत मिळावेत. बाहेरच्या राज्यातून आलेल्या वाईनला ही माफी नव्हती. त्या वेळी आम्ही सर्वांनी या धोरणाचे स्वागत केले, आणि आपल्या द्राक्षास कुंपण मिळाले म्हणून आनंद मानला. परंतु कुंपण एकाच बाजूने कधी घालता येत नाही. 2007 साली कर्नाटकाने आपले द्राक्षप्रक्रिया व वाईन धोरण काढले व तेथील उत्पादकांस सवलती दिल्या. मिझोरामसारख्या दारूबंदीच्या राज्यातही तेथल्या चंपाई भागातील द्राक्षांच्या वाईनला मुभा देण्यात आली होती. म्हणजे आपल्या शेतकऱ्याची वाईन ती शेतमाल, आणि दुसऱ्याच्या शेतकऱ्याची वाईन ती दारू, असा हा न्याय झाला. परिणामी बंगळूरजवळील नंदी टेकड्यांच्या पायथ्याची ग्रोव्हर कंपनी व नाशिककडील एक वायनरी 2012 साली एकत्र आल्या, आणि नाशिकच्या सुला कंपनीनेही कर्नाटकात वायनरी केली. ज्यांच्यापाशी भांडवल होते त्यांनी वेशीच्या दोन्ही अंगांस घर बांधले. ज्यांच्यापाशी नव्हते ते एका अंगास राहिले.

या सर्वांत शेतकऱ्याची अडचण अधिक खोल आहे ती अशी. खाण्याच्या द्राक्षाचा बाजार पडला तर बेदाणा करता येतो, दुसऱ्या पेठेत गाडी नेता येते, निदान काही रुपये हाती येतात. शिराझ, कॅबर्ने, सोव्हिन्यों ब्लाँ या जातींचे मणी लहान, सालीस जाड व बियांचे. नगरच्या किंवा वाशीच्या पेठेत त्यांस कोणी विचारीत नाही. बाग एकदा लावली की पंधरावीस वर्षे जमीन त्यात अडकते. मांडव, ठिबक, कलमे यांचे कर्ज डोक्यावर असते. 2008 सालच्या अखेरीस जगभर मंदी आली, मुंबईवर हल्ला झाला, हॉटेले ओस पडली व वाईनचा खप बसला. तेव्हा टाक्या भरलेल्या वायनऱ्यांनी द्राक्षे उचलण्याचे बंद केले. आमच्या जिल्ह्याच्या अगदी सीमेवर, नारायणगावच्या बाजूस, देशातील वाईनधंद्याचा एक मोठा पाया घातला गेला होता. तोही त्या काळात खचला. अनेकांनी त्या दोनतीन वर्षांत वाईनच्या बागांवर कुऱ्हाड चालविली. त्या वेळी देशात पिणारे मुळीच नव्हते असे नाही. दिल्ली, कोलकाता, हैदराबाद येथे होते. पण टाकीतील माल त्यांच्या दारी नेण्याची वाट लहान वायनरीस नव्हती. मंदी सरकारने आणली नव्हती हे खरे, तथापि पाणी तुंबले असता चर बुजलेले होते एवढे तरी म्हणावेच लागेल.

अशा वेशींवर न्यायालयांनी काही म्हटले आहे काय? म्हटले आहे. 1965 साली कल्याणी स्टोअर्स विरुद्ध ओरिसा राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर असा प्रश्न आला की, बाहेरून येणाऱ्या विदेशी मद्यावरील शुल्क दर गॅलनास 40 रुपयांवरून 70 रुपये करणे योग्य काय. ओरिसात तसले मद्य तयारच होत नव्हते. सबब समतोलासाठी शुल्क लावले असे म्हणता येत नाही, आणि राज्याराज्यांतील व्यापार मुक्त असावा या घटनेच्या तत्त्वास ती वाढ बाधक आहे, असे न्यायालयाने ठरविले. परंतु 1994 साली खोडे डिस्टिलरीजच्या खटल्यात त्याच न्यायालयाने हेही स्पष्ट केले की, मद्याचा व्यापार करण्याचा मूलभूत हक्क कोणास नाही. राज्य तो पूर्णपणे बंदही करू शकते. दोन्ही निर्णय एकत्र वाचले तर आम्हांस त्यात विरोध दिसत नाही. राज्याने बंदी करावी. पण बंदी न करता केवळ परक्याचा माल अडवावा, हे निराळे.

अमेरिकेत नेमक्या याच मुद्द्यावर लढा झाला. तेथे 1920 ते 1933 पर्यंत देशभर दारूबंदी होती. ती उठविताना मद्याच्या आयातीवर बंधने घालण्याचा अधिकार प्रत्येक संस्थानास देण्यात आला. काळाच्या ओघात काही संस्थानांनी असे कायदे केले की, आपल्या हद्दीतील वायनरीने गिऱ्हाइकास घरपोच पेटी पाठवावी, पण शेजारच्या संस्थानातील वायनरीने पाठवू नये. व्हर्जिनियातील जुआनिता स्वीडनबर्ग या लहान द्राक्षबागेच्या मालकीण बाईंनी न्यूयॉर्कच्या अशा कायद्यास आव्हान दिले. मिशिगनचा कायदाही त्याच वेळी न्यायालयात आला. 16 मे 2005 रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की, संस्थानास सर्वांना मनाई करता येईल किंवा सर्वांना मुभा देता येईल, परंतु घरच्यास मुभा व बाहेरच्यास मनाई असे करता येणार नाही. पुढे दोन्ही संस्थानांनी मुभेचा मार्ग पत्करला. आज तेथील बहुतेक संस्थानांत लहान वायनरी त्या त्या संस्थानाचा परवाना घेते, तेथील कर भरते, ठराविक मर्यादेत पेट्या पाठविते, आणि पेटी हाती देताना घेणाऱ्याचे वय पाहून सही घेतली जाते. कर बुडाला नाही, पोरांच्या हाती बाटली गेली नाही, आणि बागवाल्याचा माल दूर गेला.

याविरुद्ध आमच्याच जिल्ह्यातून जो आवाज उठतो त्याकडे आम्ही पाठ फिरविणार नाही. 27 जानेवारी 2022 रोजी मंत्रिमंडळाने ठरविले की, शंभर चौरस मीटर वा त्याहून मोठ्या किराणा भांडारांत वेगळ्या कपाटातून वाईन विकता यावी. शेतकऱ्यांच्या हितासाठी, असे त्याचे कारण देण्यात आले. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी येथून अण्णा हजारे यांनी त्यास विरोध करून उपोषणाचा इशारा दिला, व सरकारने लोकांच्या हरकती मागविण्याचे मान्य केल्यावर ते स्थगित केले. त्या वेळी काही बागाईतदार अण्णांवर रुष्ट झाले. आम्ही झालो नाही. दारूने घर कसे बसते हे राळेगणने पाहिले होते, आणि दारूबंदीनंतर ते गाव कसे उभे राहिले हेही सर्वांनी पाहिले. फेब्रुवारी 2017 मध्ये नगर तालुक्यातील पांगरमल येथे निवडणुकीच्या जेवणावळीतील बनावट दारूने माणसे दगावली, ते घाव अजून ओले आहेत. ज्या गावच्या बायका मतदान करून दुकान बंद करतात त्यांस वाईन आणि दारू यांतील फरक समजावून सांगण्यास जाण्याचे धाडस आम्हांस होत नाही. शिवाय शेतकऱ्यांचे नाव पुढे करणाऱ्यांनी हेही सांगावयास हवे होते की, राज्यातील बहुतांश द्राक्ष खाण्याचे व बेदाण्याचे आहे. वाईनसाठी जाते ते अगदी थोडे.

परंतु किराणा दुकानातील कपाट आणि हैदराबादची पेटी या दोन गोष्टी एक नव्हेत. पहिल्यात जेथे मद्य नव्हते तेथे ते नेण्याचा प्रश्न होता. दुसऱ्यात घेणारा सज्ञान आहे, त्याच्या राज्यात वाईन विकण्यास मनाई नाही, त्याच्या गल्लीच्या तोंडाशी दुकानही आहे. फक्त त्या दुकानात मोठ्या कंपन्यांच्या बाटल्या आहेत व मामाच्या बागेची नाही. येथे अडथळ्याने दारू कमी होत नाही. कोणाची विकली जावी एवढेच ठरते. मे 2020 मध्ये टाळेबंदीच्या काळात याच महाराष्ट्र सरकारने परवानाधारकांस घरपोच मद्य देण्यास दुकानांना मुभा दिली होती, व झारखंड, ओडिशा आणि पश्चिम बंगाल येथेही तसे झाले. म्हणजे घरपोच देणे अशक्य आहे, देखरेख राहत नाही, हे कारण राज्यांनीच आपल्या हाताने खोटे पाडले आहे. ते फक्त वेशीच्या आत शक्य आणि वेशीपलीकडे अशक्य, असे मानण्यास आधार काय?

तेव्हा आमचे म्हणणे असे आहे की, ज्या राज्यांत वाईनची विक्री कायदेशीर आहे त्या राज्यांनी परस्परांत करार करून लहान वायनरीस वर्षाकाठी ठराविक पेट्या सज्ञान गिऱ्हाइकास परस्पर पाठविण्याची मोकळीक द्यावी. कर गिऱ्हाइकाच्या राज्याचा, व तो आधी भरलेला असावा. बंदी असलेल्या जिल्ह्यांस व मतदानाने दुकान बंद केलेल्या गावांस यातून कटाक्षाने वगळावे. आणि या कामी पहिले पाऊल महाराष्ट्राने टाकावे. कारण द्राक्षे सर्वांत अधिक येथे पिकतात, वायनऱ्या सर्वांत अधिक येथे आहेत, आणि वेस उघडली तर अधिक लाभ आपलाच आहे. पाऊल टाकणे म्हणजे कर्नाटकाच्या वाईनला येथे तोच कर लावणे जो आपल्या वाईनला लागतो. व्हॅटच्या परताव्यास सरावलेल्या वायनऱ्यांस हे रुचणार नाही. काही सभासदांसही रुचणार नाही, हे आम्ही जाणून आहो. परंतु आपल्या दारास अडसर लावून शेजाऱ्यास त्याचा अडसर काढ असे कोणत्या तोंडाने सांगावे?

तूर्त पत्रलेखकांस आमचे उत्तर असे. पेटी एस.टी.च्या पार्सलात, भाजीच्या ट्रकमध्ये वा कोणा ओळखीच्याच्या टेम्पोत 'बेदाणा' म्हणून मुळीच टाकू नये. पास नसलेल्या मालाबरोबर गाडीही जप्तीस पात्र होते, आणि गाडीवाल्याचे दिवाळे आपल्या हौसेपायी निघावयास नको. भाच्याने आपल्या राज्यात त्या वायनरीचे लेबल नोंदलेले आहे किंवा नाही याची चौकशी करावी, व तो सुटीस येईल तेव्हा एखादी बाटली बरोबर नेण्याचे मनात असेल तर दोन्ही राज्यांचे नियम आधी विचारून घ्यावेत. ज्या सभासदांनी 2005 सालापासून पुढे वाईनच्या द्राक्षांचे करार केले असतील त्यांनी त्या करारांच्या नकला, व द्राक्षे न उचलली गेल्याचे प्रसंग घडले असल्यास त्यांची वर्षे व क्षेत्र, येत्या फळछाटणीपूर्वी आमच्याकडे पाठवावे. नावे न छापता त्यांचा गोषवारा सरकारकडे पाठविण्याचा आमचा विचार आहे.